पाऱ्याला न दिसलेली उष्णता

मराठीत 'ताप' हा शब्द मोठा गुणी आहे. ऊन तापते, तवा तापतो, अंगात ताप भरतो, माणूसही तापतो. आणि कुणी डोक्याला ताप दिला तर तोही आपण निमूटपणे सोसतो. 'उष्णता' या शब्दाचेही तसेच. ज्याला हात लावला तर पोळते त्यातही उष्णता, आणि फ्रिजमधून काढलेला आंबा कितीही गार लागला तरी त्यातही ती असतेच, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. बोलीभाषेचे यात काही अडत नाही. परंतु विज्ञानाच्या इतिहासात या सैलपणाने निदान दीडशे वर्षे भल्याभल्यांना चकवले. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आज सातवीआठवीतला विद्यार्थी पाठ म्हणून दाखवतो. तापमापी हाती आल्यानंतरही युरोपातील विद्वानांना मात्र ते उमगत नव्हते. आमच्या मते तर तापमापी हाती आल्यामुळेच ते उमगायला उशीर झाला. या लेखात त्या उशिराची कथा सांगायची आहे. तिचे आजच्या उन्हाळ्याशीही नाते आहे, ते शेवटी येईलच.

१. हाताची साक्ष

तापमापीच्या आधी उष्णतेचे माप म्हणजे हात. विरजण लावण्यासाठी दूध किती कोमट हवे, पाकाला किती आच हवी, तवा भाकरीजोगा झाला की नाही, हे सारे हाताने, डोळ्याने, कानाने ठरत असे आणि आजही बहुतेक घरांत ठरते. पण हाताची साक्ष फिरते. एक हात गार पाण्यात आणि दुसरा गरम पाण्यात काही वेळ ठेवावा, मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात घालावेत. तेच पाणी एका हाताला ऊन आणि दुसऱ्याला थंड लागते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मानवी बुद्धीवरील ग्रंथात हाच दाखला घेतला होता. उष्ण आणि शीत हे गुण जसेच्या तसे वस्तूत नसतात, तर निदान अंशतः जाणणाऱ्यात असतात, हा त्याचा मुद्दा.

थंडीतल्या पहाटे लोखंडी कडी आणि लाकडी दार यांना हात लावला, तर कडी कितीतरी गार वाटते. रात्रभर दोन्ही एकाच हवेत असल्याने त्यांचे तापमान सारखेच असते. मग हात खोटे बोलतो का? पुढे कळलेले उत्तर असे की हात खरेच बोलतो, फक्त वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. कडी किती तापलेली वा थंड आहे हे हाताला कळत नाही. आपल्या शरीरातून किती वेगाने उष्णता निघून चालली आहे हे कळते. लोखंड ती झपाट्याने ओढून घेते, लाकूड घेत नाही. सतराव्या शतकातल्या लोकांना हा भेद माहीत नव्हता. त्यांना हाताचा लहरीपणा तेवढा दिसला, आणि निर्विकार साक्षीदार शोधण्याचे त्यांनी ठरवले.

२. लोणी, तळघर आणि उकळते पाणी

इटलीत गॅलिलिओ आणि त्याचे समकालीन काचेच्या नळीत हवा कोंडून तिच्या प्रसरणावरून ताप-थंडी पाहत असत. पादुआचा वैद्य सांतोरिओ याने १६१२च्या सुमारास अशा नळीला खुणा करून ती रुग्णांसाठी वापरली. पण ही नळी खालच्या बाजूने उघडी असल्यामुळे हवेचा दाब बदलला की तिच्यातील पाणी उगाचच चढे-उतरे. फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात सतराव्या शतकाच्या मध्यास नळीत मद्यार्क भरून तिचे तोंड वितळवून बंद करण्यात आले, आणि दाबाची ही कटकट मिटली.

तरी अंश कोठून मोजायचे हा प्रश्न राहिलाच. सगळीकडे आणि सदैव सारखीच तापलेली अशी एखादी वस्तू हवी होती. या शोधात जे उमेदवार पुढे आले ते पाहून आज गंमत वाटते. १६८८ साली दालांसे या फ्रेंच लेखकाने पाणी गोठण्याचा आणि लोणी वितळण्याचा असे दोन बिंदू सुचवले. पॅरिसच्या वेधशाळेच्या खोल तळघरातील हवेचा दाखला काहींनी घेतला. फॅरनहाइटने १७२४ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा बर्फ आणि नवसागर यांच्या मिश्रणाला ०, वितळत्या बर्फाला ३२ आणि निरोगी माणसाच्या तोंडातील वा काखेतील उबेला ९६ असे अंक दिले. उप्सालाच्या अँडर्स सेल्सियसने १७४२ साली शंभर भाग पाडले खरे, पण उलटे: उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्याला १००. १७४४ साली तो वारल्यानंतर लवकरच ही मोजपट्टी सुलटी झाली. भारतात आजही या दोघांचा संसार एकाच घरात चालतो: हवेचे तापमान आपण सेल्सियसमध्ये सांगतो, आणि मुलाच्या अंगात ताप भरला की बहुतेकदा फॅरनहाइटमध्ये बोलू लागतो.

उकळते पाणीसुद्धा स्थिर नसते, हे पुढे ध्यानात आले. डोंगरावर ते लवकर उकळते, भांड्याप्रमाणे आणि त्यात विरलेल्या हवेप्रमाणेही फरक पडतो. जिनिव्हाच्या ज्याँ आंद्रे द ल्यूक याने पाण्यातली हवा पुरती काढण्यासाठी चार आठवडे एक चंबू हातात धरून हलवला. झोप, गावातली कामे आणि दोन्ही हात लागतील अशी कामे एवढ्यापुरताच तो खाली ठेवला. जेवताना, वाचताना, मित्रांशी बोलताना, फिरायला जाताना चंबू हलतच होता. अशा हवाविरहित पाण्याला उकळी फुटण्यापूर्वी ते ११२ अंश सेल्सियसपर्यंत तापले. लंडनच्या रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिशच्या अध्यक्षतेखाली एक समितीच नेमली. तिने १७७७ साली सांगितले की तापमापी पाण्यात न बुडवता वाफेत धरावा, कारण वाफ अधिक विश्वासू असते.

या सगळ्या खटाटोपाचे मोल कमी नाही. पण तिचा एक अनिष्ट परिणाम झाला. पारा चढला म्हणजे उष्णता वाढली आणि पारा थांबला म्हणजे उष्णता येणे थांबले, असे मानण्याची सवय लागली. मोजता येते तेच आणि तेवढेच असते, ही समजूत उपकरणांबरोबर नेहमीच येते.

३. ग्लासगोच्या दालनातले दोन चंबू

ही सवय मोडली जोसेफ ब्लॅक याने. तो ग्लासगोला वैद्यक आणि रसायनशास्त्र शिकवीत असे. त्याने फॅरनहाइटचा एक जुना प्रयोग, हॉलंडच्या बोऱ्हाव्हे याने नोंदवून ठेवलेला, पुन्हा वाचला. १०० अंश फॅरनहाइटच्या पाण्यात तितक्याच आकारमानाचा १५० अंशांचा पारा मिसळला तर मिश्रण १२५ अंशांवर यावे, अशी कुणाचीही अपेक्षा असेल. ते येते केवळ १२० अंशांवर. पारा ३० अंश उतरतो, तेव्हा पाणी कसेबसे २० अंश चढते. १२५ अंश मिळवायचे तर दोन मापे पाण्याला तीन मापे पारा घ्यावा लागतो. पारा पाण्याहून तेरापट जड आहे. तरी उष्णता साठवण्याच्या बाबतीत तोच हलका. म्हणजे अंश सारखे असले तरी दोन पदार्थांत सारखी उष्णता असेलच असे नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि टाकीतले पाणी या दोन गोष्टी आहेत. टाकी अरुंद असेल तर थोड्याच पाण्याने पातळी चढते. उष्णतेचे परिमाण आणि तिची तीव्रता यांची लोक गल्लत करतात, अशी ब्लॅकची तक्रार होती.

परंतु ही उपमाही ज्याच्यापुढे थिटी पडते असा त्याचा दुसरा प्रयोग होता. त्याने पातळ काचेचे दोन सारखे चंबू घेतले. दोहोंत पाच-पाच औंस पाणी. एकातले गोठवून बर्फ केले, दुसऱ्यातले नुसते ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत थंड केले. मग ते एका मोठ्या, शांत दालनात टांगले. दालनातील हवा ४७ अंश होती. पाण्याच्या चंबूने अर्ध्या तासात सात अंश चढून ४० गाठले. बर्फाच्या चंबूला त्याच ४० अंशांवर यायला साडेदहा तास लागले.

हवा तीच, चंबू तसाच. तेव्हा उष्णता दोन्हींत जवळपास एकाच वेगाने शिरत असणार. साडेदहा तास म्हणजे एकवीस अर्धे तास. प्रत्येकात सात अंशांजोगी उष्णता धरली तर १४७ अंशांइतकी उष्णता बर्फाच्या चंबूत गेली. त्यांपैकी पाऱ्याला दिसले किती? ३२ पासून ४० पर्यंतचे आठ. उरलेले १३९ कोठे गेले? ते बर्फाचे पाणी करण्यात खर्ची पडले, आणि त्या साऱ्या काळात तापमापीने त्यांची दखलही घेतली नाही. आजचे अचूक माप १४४च्या जवळपास आहे. दोन चंबू, एक तापमापी आणि एक घड्याळ एवढ्यावर हे उत्तर मिळाले, हे पाहिले की आदर वाटल्याशिवाय राहत नाही. यांपैकी निर्णायक साधन घड्याळ होते. पारा हलत नसतानाही काही घडत आहे, हे ओळखण्यासाठी वेळ मोजावा लागला.

या न दिसणाऱ्या उष्णतेला ब्लॅकने जे नाव दिले त्याचे मराठी 'सुप्त उष्णता' असे झाले. हल्लीची पाठ्यपुस्तके 'अप्रकट उष्मा' म्हणतात. पुढे १७६२ साली त्याने पाण्याची वाफ होतानाही असेच घडते हे दाखवले. स्वयंपाकघरात हे रोज घडत असते. पातेल्याला उकळी फुटल्यावर गॅस कितीही मोठा केला तरी पाणी अधिक तापत नाही. जास्तीची सारी उष्णता वाफेबरोबर निघून जाते. आणि त्याच कारणाने इडलीपात्राच्या वाफेचा चटका तितक्याच तापलेल्या पाण्याच्या चटक्याहून भयंकर असतो: त्वचेवर येऊन वाफेचे पाणी होताना ती आपली सगळी सुप्त पुंजी तिथेच रिकामी करते. ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉटला बाष्पयंत्राच्या एका प्रतिकृतीवर काम करताना हीच पुंजी भेटली. वाफ आपल्या वजनाच्या सहापट पाणी उकळीपर्यंत तापवू शकते हे पाहून तो चक्रावला, आणि खुलासा त्याला ब्लॅककडून मिळाला.

४. अलाहाबादचा बर्फ

या कथेत हिंदुस्थानचा एक धागा आहे. १७७५ साली सर रॉबर्ट बार्कर याने रॉयल सोसायटीला हिंदुस्थानात बर्फ कसा करतात याचा वृत्तांत कळवला. अलाहाबादेत त्याने निसर्गतः झालेला बर्फ कधी पाहिला नव्हता. तरीही तेथील बर्फवाले हिवाळ्याच्या रात्री मोकळ्या मैदानात दोन फूट खोल खड्डे खणत, त्यांत उसाचे वा मक्याचे वाळके देठ जाड पसरत, आणि त्यावर मातीच्या उथळ, सच्छिद्र परळांच्या ओळी मांडून संध्याकाळी त्यांत उकळून निववलेले पाणी भरत. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की पहाटे परळांत बर्फ धरलेला असे. हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वरच असताना हे साधत असे.

पाऱ्यावर विसंबणाऱ्याला हे कोडेच होते. बर्फवाल्यांना ते कोडे नव्हते. कोणती रात्र फळेल आणि कोणती फुकट जाईल हे त्यांना ठाऊक होते. आता आपण सांगू शकतो की परळातले पाणी निरभ्र आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करते, काही बाष्पीभवनात गमावते. खालचे गवत जमिनीची ऊब वर येऊ देत नाही, आणि वारा नसल्याने भोवतालची हवा तूट भरून काढू शकत नाही. विल्यम चार्ल्स वेल्स याने दवबिंदूंवरील १८१४च्या निबंधात उत्सर्जनाचा हा विचार मांडताना बंगालच्या बर्फाची चर्चा केली. पाणी आधी उकळण्याच्या चालीने तर खुद्द ब्लॅकचे कुतूहल जागे केले. १७७५ सालीच त्याने उकळलेले आणि न उकळलेले पाणी शेजारी ठेवून पाहिले, आणि त्या निष्कर्षांचा लेखही सोसायटीच्या नियतकालिकात आला. ज्या बर्फवाल्यांच्या कसबामुळे हे प्रयोग झाले, त्यांची नावे मात्र कुणी टिपली नाहीत.

पुढे ही कला मागे पडली. १८३३ साली 'टस्कनी' नावाचे जहाज बोस्टनहून १८० टन तळ्याचा बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कलकत्त्याला पोहोचले तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. लवकरच मुंबईतही असा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी बर्फखाना उभा राहिला. ब्लॅकच्या चंबूत साडेदहा तास जे घडले, तेच या जहाजात चार महिने घडत होते. बर्फाला वितळण्यासाठी एवढी उष्णता लागली नसती तर भुशात कितीही गुंडाळला तरी तो टिकला नसता.

५. उष्णता म्हणजे काय?

ब्लॅकने उष्णतेचा हिशेब लावला, पण ती काय आहे हे सांगण्याचा आग्रह धरला नाही. लाव्हाझियेने तिला 'कॅलरिक' नावाचे वजनरहित द्रव्य मानले. १७९८ साली काउंट रम्फर्ड याने म्युनिकच्या कारखान्यातला प्रयोग जाहीर केला: बोथट गिरमिटाने तोफेचे ओतीव पितळ घासताना भोवतीचे सुमारे १९ पौंड पाणी अडीच तासांत, विस्तवाशिवाय, उकळले. घर्षण चालू असेतो उष्णता निघतच राहते, तर ती साठवलेले द्रव्य कशी असेल? सॅल्फर्डच्या एका मद्यउत्पादकाचा मुलगा जेम्स ज्यूल याने वजनांच्या उतरण्याने पाण्यात वल्ही फिरवून पुढचा हिशेब पुरा केला: १८५०च्या त्याच्या निबंधाप्रमाणे एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ पौंड वजन एक फूट खाली यावे लागते. उष्णता ही ऊर्जेची देवाणघेवाण ठरली. तापमान हे त्या देवाणघेवाणीची दिशा सांगणारे चिन्ह ठरले: कोण देणार आणि कोण घेणार.

असे पाहिले तर लोखंडी कडीला लागलेला हात आणि नळीतला पारा यांच्यात भांडण उरत नाही. पारा आपली पातळी सांगतो, हात जमाखर्च सांगतो. सतराव्या शतकाने हाताला खोटा साक्षीदार ठरवून न्यायालयाबाहेर काढले होते. एकोणिसाव्या शतकात तो निर्दोष सुटला, पण ही बातमी व्यवहारापर्यंत नीट पोहोचली नाही.

६. आणि आपला उन्हाळा

उन्हाळ्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एक आकडा असतो. चंद्रपूर ४५, नागपूर ४४, मुंबई ३५. हा आकडा वाऱ्याला मोकळ्या, पण उन्हापासून आडोशाच्या पेटीत ठेवलेल्या तापमापीचा असतो. तो हवेची पातळी बरोबर सांगतो. माणसाच्या शरीराचा जमाखर्च तो सांगत नाही.

स्वस्थ बसलेले शरीरदेखील एखाद्या शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सतत निर्माण करते, आणि ती बाहेर टाकणे हा जिवंत राहण्याचा भाग आहे. हवा त्वचेहून अधिक तापली की घामाचे बाष्पीभवन हाच मुख्य मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. ही ब्लॅकचीच सुप्त उष्णता. पण घाम वाळला पाहिजे. नागपुरात वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोली गार करतो आणि मुंबईत तोच कूलर चिकचिक वाढवतो, याचे कारण आणि मुंबईच्या दमट हवेत माठ पुरेसा गार होत नाही याचे कारण एकच. आपले शरीरही एक माठच आहे. हवेत आधीच ओल असेल तर घाम नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र राहते.

म्हणून तापमापीच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून घेतलेले माप शरीराच्या दृष्टीने अधिक बोलके असते. हे माप ३५ अंश सेल्सियसच्या वर काही तास राहिले तर सावलीत स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही तगणार नाही, असे शेरवुड आणि ह्यूबर यांनी २०१० साली मांडले. २०२२ साली तरुण, निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगांत ही मर्यादा दमट हवेत ३१ अंशांच्या आसपास, म्हणजे बरीच खाली आढळली. भारतीय हवामान खात्याच्या उष्णतेच्या लाटेच्या निकषांतही मैदानी भागासाठी ४० आणि किनारपट्टीसाठी ३७ अंश असा फरक केलेला आहे. एकाच आकड्याचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो, याची ही कबुलीच आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखोंचा समुदाय भर उन्हात मोकळ्या मैदानावर बसला होता. त्या दिवशीचे तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. चाळिशीही न गाठलेला हा आकडा विदर्भातल्या माणसाला किरकोळ वाटेल. उष्माघाताने त्यात चौदा जणांचे प्राण गेले. आकडा खोटा नव्हता. डोक्यावरचे थेट ऊन, समुद्राकाठची ओल, शेजाऱ्याला शेजारी भिडून बसलेली गर्दी आणि या सगळ्यात गेलेले तास यांतले काहीच त्या आकड्यात नव्हते. शरीरात उष्णता साठत जाते तेव्हा ब्लॅकच्या चंबूसारखाच बराच काळ वरून काही दिसत नाही; शरीर घामाच्या बळावर आपले तापमान धरून ठेवते, आणि ते बळ संपले की मग अंश भराभर चढतात.

यावर फार मोठे शास्त्र लागते असे नाही. उन्हात सभा ठेवणाऱ्यांनी, बांधकामावर वा शेतात मजूर लावणाऱ्यांनी, शाळेची मैदानी स्पर्धा दुपारी घेणाऱ्यांनी 'आज किती अंश?' या प्रश्नाला आणखी चार प्रश्न जोडावेत: हवेत ओल किती, वारा आहे का, सावली आहे का, आणि किती वेळ? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तापमापी ज्याचे उत्तर देऊ शकत नाही असाही तोच. ग्लासगोच्या दालनात ब्लॅकने शेजारी घड्याळ ठेवले होते, ते याचसाठी.